इंदूकाकीचं बोट

माझ्या फजितीचे किस्से सांगायला मला आग्रह करावा लागत नाही. वाचनालयाच्या कार्यक्रमात पाहुणे समजून मी त्यांच्या ड्रायव्हरला हार घातला होता, आणि त्या भल्या माणसानं मान वाकवून तो घालूनही घेतला – हे तुम्ही माझ्याच तोंडून ऐकलं असेल. विहारात माईक चालू आहे हे विसरून अध्यक्षांच्या भाषणात ‘हा माणूस बसणार कधी?’ म्हणालो, तेही. पण एक गोष्ट मी कधीच कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. कारण त्यात फजिती माझी झाली नव्हती.

कुठून सुरुवात करू? टॅबपासून करतो. तेवढाच वेळ मिळतो.

मी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात वाचनालय सांभाळतो. सांभाळतो म्हणजे वाळवीला पुस्तकं पुरवतो, असं मी हसत सांगतो. मागे एका संस्थेनं आम्हाला टॅब दिले. ज्यांना शाळा मिळाली नाही अशा मोठ्या माणसांना वाचायला शिकवण्यासाठी. टॅबात एक वाक्य दिसायचं, एकेक शब्द पिवळा व्हायचा, आपण तो मोठ्यानं वाचायचा. यंत्र आवाज साठवून ठेवायचं आणि आतली बाई प्रत्येक वेळी तितक्याच उत्साहानं म्हणायची, “शाब्बास! पुन्हा एकदा वाचा!” दर शनिवारी टॅब वाचनालयात यायचे. मी सगळ्यांचं वाचन ऐकायचो आणि नवा धडा भरून द्यायचो. टॅबात सिमकार्डं होती, वाडीच्या ग्रुपवर मीच ते जोडून दिले होते – निरोप वाचायची सवय लागावी म्हणून. बघा, किती कळवळा होता मला.

आता इंदूकाकी. आमच्या बौद्धवाडीत पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं. ग्रंथ ज्या पांढऱ्या कापडात बांधतात ते कापड काकी धुवायची. तिचा नवरा गेला, मुलगा प्रकाश जयगडच्या बंदरात कामाला लागला, पण कापड धुणं तिनं कुणाला दिलं नाही. गाठ सोडायची, ग्रंथ वाचणाऱ्याच्या हातात द्यायची, आणि मागे जाऊन बसायची. त्या ग्रंथातलं एक अक्षर तिला येत नव्हतं.

आणि वाचणारा कोण? मी. वर्षानुवर्षं मीच. माझा आवाज चांगला आहे – निदान मला तो फार आवडतो. माझ्या वाचनात म्हातारे घोरायचे, बायका डास मारायच्या. मी समजायचो, तल्लीन झालेत.

काकीनं टॅब घेतला तेव्हाच सांगून टाकलं, “सुधीर, माका समारोपाला एक पान वाचायचाय. येकच. मग मी मेलंय तरी चालल.” मी म्हटलं, वाच की, कोण अडवतंय? तेव्हा ते मनापासून म्हटलं होतं. ती वाचणार नाही याची खात्री होती ना.

पण ती शिकली. भात लावून आली की पाय धुवायची आणि पायरीवर टॅब घेऊन बसायची. एका संध्याकाळी विहारात तिनं सहज म्हणून काही ओळी वाचल्या – बोट शब्दाखाली ठेवून, अडखळत, एखाद्या शब्दापाशी थांबून, मग त्याच्यावर चढून. आणि काय सांगू तुम्हाला? कुणी घोरलं नाही. डाससुद्धा कुणी मारला नाही. पुढचा शब्द येतो की नाही म्हणून अख्खी वाडी श्वास धरून बसली होती. तो आला की सगळ्यांच्या माना हलत होत्या. अध्यक्ष उठले – तेच, माझ्या माईकवाले – आणि म्हणाले, “यंदा शेवटचा पान इंदूबाय वाचतील.” टाळ्या पडल्या. मला कधी टाळ्या पडल्या नव्हत्या. ग्रंथवाचनाला टाळ्या वाजवत नाहीत असा माझा समज होता.

इथे थांबावंसं वाटतंय. हसवून विषय बदलण्यात मी पटाईत आहे, तुम्ही ओळखता मला.

शनिवारी तिचा टॅब माझ्याकडे होता. त्यात तिची अगदी पहिली रेकॉर्डिंगं तशीच होती. एकात ‘कावळा झाडावर बसला’ एवढं वाक्य वाचायला तिला युग लागलं होतं. “का… का… काव…” मध्येच ती यंत्रातली बाई: “शाब्बास! पुन्हा एकदा वाचा!” आणि काकी चिडून: “थांब गो बाय! वाचतंय ना! तुजा काय जातंय शाब्बास म्हनायला!” फार विनोदी होतं. एकटा बसून मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आणि मग, ती टॅब न्यायला वाचनालयाच्या पायरीशी आली तेव्हा, ते तिच्याच टॅबवरून वाडीच्या ग्रुपवर टाकलं.

त्या ग्रुपवर वाडी तर होतीच, सगळे मुंबईकरही होते. संध्याकाळपर्यंत लोटेच्या कंपनीतल्या पोरांनी त्याला ढोलकी जोडली. कुणीतरी रिंगटोन केली. काकी पाणी भरायला निघाली की पडवीतून आवाज यायचा, “थांब गो बाय!” लहान पोरं तर कावळा दिसला की अडखळायला लागायची. लोक वाईट नव्हते. मजेदार गोष्ट त्यांच्या हातात आयती आली होती, एवढंच. ती दिली कुणी?

काकी माझ्याकडे आली. टॅब दोन्ही हातांनी धरला होता, सांडेल असा. “ह्या कसा झाला रे? माझा बोट लागला काय?”

तुम्हाला माझा गुन्हा ग्रुपवर टाकण्याचा वाटत असेल, तर तो अजून व्हायचा होता. तो इथे झाला. मी टॅब हातात घेतला, उगाच खालीवर बघितला आणि डॉक्टरासारखा गंभीर चेहरा करून म्हणालो, “तुझंच बोट, काकी. ही यंत्रं नाजूक. जरा कुठं लागलं की घरातलं बोलणं जगभर जातं. आता जपून हां – काय काय जाईल, सांगता येत नाही.”

तिनं आपल्या बोटाकडे बघितलं. नांगी असल्यासारखं. मग टॅब माझ्या टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसला.

मीही माईकपाशी हसं करून घेतलं होतं आणि सावरलो होतो, तशी तीही सावरेल असं मला वाटलं – असं मी इथे लिहिलं होतं. खोडून टाकलं. मला तसं वाटलं नव्हतं. ती सावरू नये एवढंच मला हवं होतं.

अजून एक आहे. ती रेकॉर्डिंग मी होती तशी टाकली नव्हती. शेवटचा तुकडा कापला होता. त्यात वाक्य संपल्यावर काकी त्या यंत्रातल्या बाईला दमून सांगते, “आमच्या सुधीरासारखा वाचायचाय माका. त्याच्यासारखा कोन वाचीत नाय.” हे मी ऐकलं. दोनदा ऐकलं. मग कापलं. कापलेली क्लिप बोट लागून जात नाही, हे वाडीत एकाच्याही लक्षात आलं नाही. नव्या यंत्रांतलं मला कळतं, असंच सगळे धरून चालतात.

समारोपाला तिनं पान वाचलं नाही. अध्यक्ष म्हणाले, दोन ओळी तरी. ती म्हणाली, “नको. माझ्या हातना कायतरी व्हयाचा.” शेवटचं पान मी वाचलं.

प्रकाश आता व्हिडिओ कॉल करतो तेव्हा शेजारची पोर फोन धरते आणि काकी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहते. बसमध्ये कुणी सहज फोन पुढे केला – हा फोटो बघा म्हणून – तर बोट मुठीत घालते. बसची पाटी वाचतानाही मी तिला त्यानंतर पाहिलेलं नाही. संस्थेच्या अहवालात तिच्या नावापुढे मी ‘आवड कमी’ असं लिहिलं.

परवा यंदाचा वर्षावास सुरू झाला. काकीनं कापड धुवून, उन्हात वाळवून आणलं होतं. गाठ सोडली, ग्रंथ माझ्या हातात दिला – बोटं पदरात गुंडाळून, पानाला लागू नयेत म्हणून – आणि मागे जाऊन बसली. मी वाचायला लागलो. आवाज छान लागला होता.