चौथा डबा

वडील गेले तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते आणि आजही तेवढेच आहेत. नाशिकरोडच्या क्वार्टरमध्ये बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो असायचा: दाट केस, अंगात कोट, तोही स्टुडिओवाल्यानं नंतर रंगवलेला. काविळीनं ते गेले आणि त्यांच्या जागेवर आई छापखान्यात लागली. आमच्या घरात श्राद्ध नाही, पितर नाहीत. आत्मा नसतो, मेलेलं माणूस कुठे वाट बघत बसत नसतं, हे दीक्षा घेतल्यावर वडिलांनीच आईला समजावून सांगितलं होतं. तिनं ते मानलं. त्यामुळे तिच्या मनात जी भीती होती ती कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. मला ती कळली एका सिनेमामुळे, आणि तीही फार उशिरा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मला सिनेमाचं खूळ लागलं होतं. एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी परदेशी सिनेमे दाखवत, एका पासावर दोघांना. माझ्यासोबत यायला कुणी मुलगी तयार होईना, म्हणून एकदा आईला नेलं. सिनेमा इंग्रजी. मी तिच्या कानाशी मराठीत सांगत होतो आणि मला समजत नव्हतं तिथे बिनधास्त ठोकून देत होतो. गोष्ट तशी सोपी होती. नवरा यानात बसून दूरच्या ताऱ्याकडे जातो. त्याची दोन वर्षं जातात, तेवढ्यात पृथ्वीवर चाळीस उलटतात. तो तसाच तरणाबांड परत येतो आणि इथे बायको सत्तरीची.

"आसं कसं?" आईनं विचारलं.

"फार वेगात गेलं की वय थांबतं," मी पंडिताच्या थाटात सांगितलं.

"मेल्यावं थांबतं तसं," ती म्हणाली. पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून बघितलं आणि मी तिला गप्प केलं. त्याची आज लाज वाटते.

रस्त्याच्या वळणावर म्हातारी उभी आहे, समोरून तो येतोय, आणि हॉलमधले दिवे लागले. फिल्म सोसायटीचे चिटणीस उठून उभे राहिले. मुंबईहून एसटीनं आलेल्या रिळांच्या चार डब्यांपैकी तीनच नाशिकला उतरले होते. चौथा त्याच गाडीनं पुढे चांदवडला गेला होता. शेवट पुढच्या रविवारी दाखवू म्हणाले, पण तोवर प्रिंट मुंबईला परत गेली.

"वळखलं आसंल का रं त्यानं तिला?" आईनं बसमध्ये विचारलं.

"ओळखणारच. सिनेमा आहे तो."

एवढ्यावर ते संपायला हवं होतं. पण ती वर्षानुवर्षं विचारत राहिली. तांदूळ निवडताना, कपडे वाळत घालताना, मधेच म्हणायची, "तुझ्या त्या सिनेमाचं कळलं का काही?" मी वैतागायचो. तिचे केस पिकत गेले तशी ती वडिलांच्या फोटोसमोर उभी राहीनाशी झाली. काच पुसायची तर मला सांगायची. मी समजायचो, हात पुरत नसेल.

पुढे भाड्याचे व्हिडिओ आले आणि एका मित्राकडे मला त्या सिनेमाची कॅसेट मिळाली. शेवटी तो नवरा तिला ओळखत नाही. उलट तिलाच आपल्या घराचा रस्ता विचारतो. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी आईला सांगितलं, "ओळखलं गं त्यानं. रडले दोघं." तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि चहा ओतला.

रिटायर व्हायच्या आधी पेन्शनच्या कागदांसाठी तिला फोटो काढायचा होता. जाताना तिनं वडिलांचाही फोटो पिशवीत घेतला. स्टुडिओत फोटो रंगवणारा म्हातारा कारागीर होता. त्यानं फोटो हातात घेऊन विचारलं, "मुलगा का तुमचा?"

"मालक हायेत," आई म्हणाली. मग थांबून म्हणाली, "ह्यांना साठीचं करून देता का?"

गेलेल्या माणसांना आयुष्यभर कोट चढवत आलेला तो माणूस. त्यानं भुवईसुद्धा उचलली नाही. मला स्टुलावर बसवलं, टक्कल कुठून पडत चाललंय ते बघून घेतलं आणि तीन आठवड्यांनी या म्हणाला.

फोटो झकास उतरला होता. मागे सरकलेले पांढरे केस, गालांना सुरकुत्या, कोट मात्र तोच. आईनं तो मांडीवर ठेवला.

"कोन हाय ह्यो?" ती म्हणाली. "मलाच वळखू येत नाय. मंग त्यांनी मला नाय वळखलं तर त्यांचं काय चुकलं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दहा वर्षं ती सिनेमाचं नाही, स्वतःचं विचारत होती.

"खरं सांग. त्यानं नाय ना वळखलं तिला?"

"नाही. तिलाच घराचा रस्ता विचारतो."

"मंग?"

"ती सांगते."

आईनं मांडीवरचा फोटो बाजूला ठेवला. "बरं केलं तिनं. घरी तरी पोचला." मग उठून तिनं स्वतः जुना फोटो पुसला आणि खिळ्याला लावला.

क्वार्टर सोडायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं. आई शेजारच्या चाचींकडे गेली. "कुनी इचारत आलं तर नवा पत्ता द्या बरं का."

"अब कौन आएगा बाई?" चाची म्हणाल्या.

आई माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "चाचींच्या दाराच्या आतून लिहून ठेव."

मी पेन्सिलीनं पत्ता लिहिला. ती शेजारी उभी राहून अक्षरं बघत होती.

"खाली रस्ता बी लिही. त्यांच्या टायमाला तिकडं नुस्तं रान हुतं."

आत्मा नसतो, हे मलाही वडिलांकडूनच आलेलं. मी लिहिलं: पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, तिसरं घर.