प्राजक्ताचा निबंध मी नीट लावून दिला

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — पण माझी बाजू घेऊ नका हं.

प्राजक्ता रहाटणीची, एमएला माझ्याच वर्गात. आम्ही मोशीला भाड्याने राहायचो. पप्पा चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आचारी. शिफ्ट सुटली की उरलेली भाजी घरी आणायचे, तीच माझ्या डब्यात. एकदा प्राजक्ताने सगळ्यांसमोर माझा डबा उघडला आणि विचारलं, "आज कंपनीत काय उरलं गं?" सगळे हसले. मीही हसले — काय करणार? पण पोटात जे धुमसायला लागलं, ते विझलंच नाही. ती मात्र विसरून गेली. वर माझी मैत्रीणच झाली, घ्या!

शेवटच्या वर्षी शोधनिबंध होता. वर्गातून एकच विद्यापीठाच्या स्पर्धेला जाणार. प्राजक्ताला पुढे पीएचडी करायची होती, तिला तो नंबर हवाच होता. आणि पोरीने मेहनत केली होती, खोटं कशाला बोलू? चाकणच्या चौकात उन्हात उभी राहून कंपन्यांतल्या कंत्राटी कामगार बायकांशी बोलली. तापाने फणफणलो तरी सुट्टी मागत नाही, म्हणाल्या त्या. एक खाडा झाला की ठेकेदार गेटवरूनच परत पाठवतो. हे कुठल्या पुस्तकात सापडणार? वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.

तिला मांडणी तेवढी जमत नव्हती. मला जमायची. तूच लावून दे ना, म्हणाली.

आता ऐका. निबंध निवडणाऱ्या सरांच्या केबिनमध्ये मी कधीमधी मदतीला बसायचे, तेव्हा पाहिलं होतं — सर सुरुवातीची दोन पानं वाचतात, शेवटचं पान वाचतात, तिथे दम दिसला तरच मधलं उघडतात. म्हणजे काय सापडलं ते दारातच सांगायचं. हे मी तिला सांगितलं? छे! मी सांगितलं, आधी औद्योगिकीकरणाचा इतिहास टाक, मग व्याख्या. निष्कर्षात मोठ्या अभ्यासकांची मतं घे. बायकांचं बोलणं निबंधात शोभत नाही, ते मागे परिशिष्टात जाऊ दे. तिने मुकाट्याने तसंच केलं. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हेच.

सर भर वर्गात म्हणाले, "नुसतं पुस्तकातून उतरवलंय. घराबाहेर तरी पडलीस का?"

परिशिष्ट बघा, सर — एवढं मी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. प्राजक्ता उठली. वाटलं, आता माझं नाव घेणार. घेतलंच. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिने तर किती नीट लावून दिलं होतं, सर. माझ्याच कामात दम नसेल."

निबंध तिसऱ्याच मुलीचा गेला. पीएचडीचं नाव प्राजक्ताने पुन्हा काढलं नाही. त्या दिवशी जिन्यात ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पश्चात्ताप झाला म्हणू? नाही झाला. मला बरं वाटत होतं. अजून वाटतं.