‘येस’ला बंदी करणारे मास्तर

आमच्या मास्तरांकडे इंग्रजी शिकायला बसलं की पहिला महिनाभर ‘येस’ म्हणायला बंदी असे. चुकून कोणी म्हटलंच, तर मास्तर त्याला पडवीतून उठवून समोरच्या कडुनिंबाखाली उभं करत, मग तो पिकल्या मिशांचा दलाल का असेना. तिथून त्याने अख्ख्या कापूस बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायचं, ‘आय डिड नॉट अंडरस्टँड, सर! प्लीज से अगेन!’ गाड्यांचे बैलसुद्धा माना वळवून बघत. अमरावतीत त्यांना ‘शेगेन मास्तर’ हे नाव पडलं ते यामुळेच.

अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. गोरे साहेब गावोगाव हिंडत होते आणि ज्याला त्याला इंग्रजी बोलायची घाई झाली होती. मीही हिवरखेडची शेती थोरल्या भावावर टाकून त्याच घाईने आलो होतो. आमच्यातल्या एका दलालाने दहा वाक्यांचं भाषण पाठ केलं होतं. साहेबाने नुसतं नाव विचारलं तरी तो ते पहिल्यापासून म्हणून दाखवी. मास्तर कपाळाला हात लावत. म्हणत, "चुकीचं बोला, अडखळत बोला, पन न समजता मान हलवू नका. ‘समजलं नाही’ म्हणायची आपल्या लोकांले भारी लाज. पहिले ती लाज सोडा, इंग्रजी मागून येईल."

कोणी बोलू लागलं की मास्तर डोळे मिटून ऐकत. वाक्य कितीही लंगडं असो, पुरं होईपर्यंत टोकत नसत. हसणाऱ्याची मात्र धडगत नव्हती. मला खरं तर हे सगळं फार रेंगाळल्यासारखं वाटे. चार महिन्यांत शिकवणीला रामराम ठोकून मी एका साहेबाच्या गोदामात दुभाषी म्हणून चिकटलो आणि डोक्याला नवा फेटा बांधला.

पंधरा दिवसांतच गोदामात रुईच्या गाठींना आग लागली. साहेब लालबुंद होऊन आला. आमच्याच हिवरखेडचा रघू गाडीवान तिथे उभा होता. त्याच्याकडे बोट दाखवून साहेबाने मला एका दमात काहीतरी विचारलं. दोन शब्द ओळखीचे वाटले, बाकी सगळं डोक्यावरून गेलं. नवी नोकरी, भोवती माणसं. मी म्हणालो, "येस, सर."

शिपायांनी रघूच्या मुसक्या बांधून त्याला फौजदाराकडे नेलं, तेव्हा म्हातारा कारकून मला म्हणाला, "तू त्याले गोदामात चिलीम ओढताना पायलं, असं म्हनलास ना?" मी काहीच पाहिलं नव्हतं.

मी रडतच मास्तरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि पगडी चढवली. "चाल. साहेबाले सांग, मले समजलं नव्हतं म्हनून."

"मास्तर, नोकरी जाईन ना माही!"

"जाईल," मास्तर म्हणाले.

वाटलं होतं, साहेबाशी तेच बोलतील. ते दारातच थांबले. मी कसंबसं बोललो, "सर, आय नॉट अंडरस्टँड. आय से येस. आय नॉट सी एनीथिंग. दिस मॅन नो फॉल्ट." साहेबाने मला शिव्या घालून हाकललं, पण फौजदाराला चिठ्ठी गेली आणि रघू सुटला.

परतताना मास्तर म्हणाले, "मी अकोल्यात दुभाषी होतो. एका हमालावर चोरीचा आळ आला. साहेब काय बोलला ते मले समजलं नाही अन् मी ‘येस’ म्हणून बसलो. त्याले कैद झाली. नंतर समजलं, तरी मी साहेबाकडे परत गेलो नाही."

दुसऱ्या दिवशी शिकवणी बंद ठेवून मास्तर अकोल्याला निघाले. मी रिकामाच होतो, सोबत गेलो. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात विचारत विचारत घर सापडलं. हमाल सुटून आल्यावर वर्षभरातच वारला होता. त्याची बायको सरकी पाखडत होती. मास्तरांनी दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. इतरांना परक्या भाषेत बोलायला शिकवणारा हा माणूस त्या दिवशी स्वतःच्या भाषेत अडखळत होता.

बाईच्या हातातलं सूप थांबलं.

"ते सांगत होते, म्या नाई केली चोरी," ती म्हणाली. "म्या नाई आयकलं त्यायचं. लेकानं तर बापाले अग्नीबी देल्ला नाई." तिने पदराने तोंड पुसलं. "मले सांगून का फायदा आता? लेक बाजारात हमालीले गेला हाये. त्याले सांगा."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

पुढे मला त्यांचा पुष्कळ सहवास लाभला. त्यांच्यामुळेच मी चार माणसांत तोंड उघडण्याजोगा झालो. पण मास्तर म्हटलं की मला दिसतात ते अकोल्यातल्या त्या घराच्या ओट्यावर, भर उन्हात, पगडी मांडीवर घेऊन एका हमालाच्या मुलाची वाट बघत बसलेले.