उशाशी उभं असलेलं कुणीतरी

मावशीच्या उशाशी हृदयाचे ठोके दाखवणारं मशीन आहे. हिरवी रेघ मुकाट धावते आहे. "वाजत नाहीये ना, मग निवांत बसा," असं म्हणून सिस्टर निघून गेल्या. भर दुपार, खिडकीत लख्ख ऊन. पण मला ती शांतता बोचू लागली.

कारण असल्या मशीनांसाठी प्रोग्रॅम लिहिणं हेच माझं काम. आमच्यात एक रीत आहे. प्रोग्रॅमच्या ओळींमध्ये आम्ही पुढच्या माणसासाठी निरोप लिहून ठेवतो. मशीन तो वाचत नाही. परवाच एक सापडला : 'या ओळीमुळे धोक्याची घंटा कधीकधी उशिरा वाजते. का, ते कळत नाही. काढली तर सगळंच बंद पडतं. हात लावू नये.' लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "चालतंय ना? मग राहू दे की." मीही पुढच्या ओळीकडे वळले.

कसा दिसत असेल तो निरोप लिहिणारा? घरी जायच्या घाईत, उभ्या उभ्या चहा संपवत त्यानं ते लिहिलं असेल. आणि आता कुठल्या कुठल्या गावांत, कुणाकुणाच्या उशाशी तो उभा असेल, ओठांवर बोट ठेवून.

मावशीनं डोळे उघडले. माझ्या खांद्यावरून मशीनकडे बघत ती पुटपुटली, "तिथं कोण उभंय गं?"

'कुणी नाही' म्हणायला माझी जीभ रेटेना. तिथं तो होता, आणि त्याच्यामागे मी.