बांडीचं कातडं

आमच्या आबांचा ढोल उंदरांनी कुरतडला, तिथून हे सगळं सुरू झालं. ढोल माळ्यावर होता, आबा म्हणजे माझे वडील खाटेवर होते आणि मी पाटोद्याला मोटारींचं वाइंडिंग करत बसलेलो. त्यांना लकवा मारून आठ महिने झाले होते. आबा धडधाकट असते तर उंदराची काय बिशाद होती त्या ढोलाजवळ फिरकायची! महिन्यातून एकदा ते ढोल खाली काढायचे, फडक्यानं पुसायचे, दोऱ्या ओढून बघायचे. आम्ही तो माळ्यावर टाकला आणि विसरलो.

आम्ही धनगर. बिरोबाच्या जत्रेत पहिला ढोल वाजतो तो आमच्या घरचा. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या ढोलांना कातडं चढवायचं झालं तरी लोक आबांकडंच यायचे. खाटकाकडचं कातडं त्यांना चालायचं नाही. "खाटकाचा हात घाईचा," ते म्हणायचे, "सुरीचं टोक कुटं लागलं ते वल्या कातड्यात दिसत न्हाई. ताणलं की दिसतं." शेळी आपल्या कळपातली, सोलणारा हात आपला, तरच ढोल आपला, असा त्यांचा खाक्या.

लकव्यानं त्यांचं उजवं अंग नेलं आणि तोंडात एकच शब्द ठेवला, "आरं." पाणी पाहिजे तरी आरं, कूस बदलायची तरी आरं, चहात साखर कमी पडली तरी आरं. आई त्यातला प्रत्येक आरं ओळखायची. मला एकही कळायचा नाही आणि त्याचा मला राग यायचा. आजारी माणसावर राग काढू नये एवढी अक्कल मला होती. तरी निघायचा.

कुरतडलेला ढोल त्यांच्यापुढं आणून ठेवला तेव्हा त्यांनी डावा हात उचलला, भोकात बोट घालून बघितलं आणि गोठ्याकडं मान वळवली. तिथं बांडी उभी होती. पांढऱ्या अंगावर काळे पट्टे असलेली म्हातारी शेळी. तिची आई तिला व्याली आणि मेली, म्हणून आबांनी बाटलीनं दूध पाजून तिला जगवलेली. दोन वर्षं झाली, ती गाभण राहत नव्हती.

"आरं," आबा म्हणाले, बोट बांडीकडंच.

"आबा, दुसरी बघू की. ही कावून?"

त्यांनी मान हलवली. दुसरी नको. त्यांच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. आजारापासून एका डोळ्यातून ते तसंही गळायचंच, पण मी पुसायला गेलो तर दोन्ही गाल ओले होते.

जत्रेला वीस-बावीस दिवस राहिलेले. कातडं कोण करणार? भावकीत कुणालाच येत नव्हतं. मी म्हणालो, मी करतो. तर बायको फिसकन हसली. "तुमी? घरात मटण शिजलं तरी नाकाला रुमाल लावून अंगणात बसता!"

ती बोलली ते खोटं नव्हतं. त्या वासाचा मला लहानपणापासून तिटकारा. चुना, राख आणि ओलं कातडं, आमच्या घराला बारमाही तोच वास. शाळेत पोरं मला शेजारी बसू द्यायची नाहीत. सातवीत असताना मी डबा घरी विसरलो. मधल्या सुट्टीत आबा डबा घेऊन शाळेच्या फाटकात उभे. खांद्यावर कातड्याची गुंडाळी, कुठल्यातरी वस्तीवर ढोल मढवायला निघालेले. पोरांनी विचारलं, कोण हाय बे? मी म्हणालो, आमचा गडी हाय. आबांनी ते ऐकलं. ते पुढं आले, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मालक, डबा ऱ्हायलता तुमचा." आणि गेले. घरी आल्यावर चकार शब्द नाही. आईलाही त्यांनी कधी सांगितलं नाही.

मला आता पोरं झाली, दुकान झालं, पण त्या दिवसाची माफी काही मागून झाली नाही. कशी मागायची? जेवताना मागायची, का रानात मागायची? म्हणून हे कातडं. हे एक काम त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या रीतीनं नीट झालं तर न बोलता माफी पोचेल, असं मी मनात धरलं होतं. वेडेपणा म्हणा पाहिजे तर.

चुलतभावानं शेळी कापली. सोलली मी. आबांनी खाट अंगणात आणवली आणि डावी मूठ हवेत दाबून दाबून दाखवली. सुरी बाजूला ठेव, कातडं आणि मांस यांच्यामध्ये मूठ घालून सोडव. मी तसं केलं. हात अजून गरम असलेल्या बांडीत, आणि श्वास तेवढा तोंड वळवून घेत होतो. पण एक छेद गेला नाही. मग चुना आणि राखेच्या पाण्यात चार दिवस कातडं टिपाडात बुडवून ठेवलं. केस सुटले, ते खापरानं घासून काढले. दुकानात गिऱ्हाईक नाक मुरडायला लागलं तर म्हणलं, मुरड बाबा, मीही लई वर्षं मुरडलंय.

पाचव्या दिवशी कडुलिंबाखाली कातडं ताणायला घेतलं. बाभळीच्या खुंट्या. आधी मान, मग शेपूट, मग एक डावी, एक उजवी, असं समोरासमोर ठोकत जायचं. एक बाजू आधी ठोकली की ताण वाकडा बसतो. माझी एक खुंटी चुकली तर आबांनी खाटेच्या माचव्यावर हात आपटून ती उपटायला लावली. सगळं झाल्यावर मी मागं सरून बघितलं. काय सुरेख बसलं होतं! खालून सावलीतला उजेड येतोय असं वाटावं इतकं पातळ आणि सारखं. आबा माझ्याकडं बघून हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. मी लहान पोरासारखा खूश झालो.

दुसऱ्या दिवशी आई आणि बायको कापूस वेचायला गेल्या. मी घरी आबांपाशी. अकराच्या सुमारास लिंबागणेशकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. मोटार जळाली, पीक पाण्यावर आलंय, लगेच दुकानात या. मी चपला घालायला लागलो तर आबा म्हणाले, "आरं."

मी पाणी दिलं. ते नको. लघवीचं भांडं आणलं. ते नको. उशी सरकवली, पांघरूण काढलं. "आरं, आरं." बोट कातड्याकडं, मग वर झाडाकडं, मग परत कातड्याकडं. मी म्हणालो, "हाय ना तिथं, कोण नेतंय त्याला?" फोन परत वाजला. आबा खाटेवर हात आपटायला लागले. आणि माझं डोकं सटकलं.

"काय आरं आरं लावलंय सकाळपासून! कळत न्हाई मला! तुमच्या कातड्यापायी मी दुकान बंद करू का?"

मी गाडीला किक मारली.

ते काय सांगत होते ते आज मला कळतं. कातडं सुकताना आखडतं, म्हणून तासातासाला खुंट्या थोड्या थोड्या सैल कराव्या लागतात. आणि हिवाळ्यात कडुलिंबाची सावली दुपारी सरकते, म्हणजे ऊन कातड्यावर येणार. जळालेल्या मोटारीचा वास मी दारातून ओळखतो, कातड्याचं एवढं साधं मला सुचलं नाही.

तीनला परत आलो. खाट रिकामी होती.

आबा कातड्यापाशी पालथे पडलेले. खाट ते कडुलिंब दहा-बारा पावलं, तेवढं अंतर ते एका हातानं सरपटत गेले होते. मातीत त्याची फरफट उमटलेली. धोतर सोडून त्यांनी ऊन आलेल्या बाजूवर पसरलं होतं. ते पुरलं नाही, तिथं स्वतः छाती टाकून आडवे झाले होते. पाच खुंट्या उपटलेल्या. नखं फुटून बोटांना रक्त आलेलं. आणि मान जिथं ठोकली होती तिथून कातडं वीतभर फाटलेलं.

मी त्यांना उताणं केलं. जिवंत होते. माफीची एवढी वर्षं अडलेली गोष्ट तेव्हा तरी तोंडातून यावी की नाही? माझ्या तोंडातून आलं, "कावून उतरलात खाली? कुणी सांगितलं होतं?" आणि मग मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ढसाढसा रडायला लागलो.

आबांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं धीर देतायत. पण त्यांनी माझा हात ओढून कातड्यावर नेला. फाटलेल्या जागेपासून दूर, पोटाच्या बाजूला. तिथं डाव्या हाताच्या बोटानं त्यांनी एक गोल काढला. मग पुन्हा तोच गोल. त्यावर दोनदा थापटलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आरं."

तो आरं मला कळला. ढोल न्हाई तर न्हाई, एवढ्यात हातात मावंल अशी दिमडी निघती. वाया न्हाई गेलं. रडू नको.

बीडच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी ते गेले. त्या वर्षी जत्रेत पहिला ढोल दुसऱ्या वाडीचा वाजला. मी गेलो नाही.

कातडं माझ्यापाशी आहे. दिमडीचं लाकडी कडं मी सुताराकडून करून आणलंय, कात्रीला धार लावलीय. कितीदा तरी कातडं मांडीवर पसरून बसतो. आबांनी गोल नेमका कुठून काढला होता ते शोधतो. सुकलेल्या कातड्यावर बोटाची रेघ उठत नाही. आणि माझ्या अंदाजानं कापायला हात धजत नाही.