गर्दीतला पूर्णविराम

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी माझ्याकडे राहते. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात. वय छत्तीस, चष्मा जाड, चहा कायम गार झालेला. व्हिडिओ गेमचे ऑनलाइन सामने चालतात तेव्हा बाजूला प्रेक्षकांचे चॅट धावत असते. त्यावर नजर ठेवायची, शिव्या पुसायच्या, हे तिचे काम.

"हे कसलं काम गं?" मी एकदा विचारले.

"तू शाळेत मॉनिटर होतीस ना, तसंच. फक्त माझ्या वर्गात चाळीस हजार पोरं."

दोन देशांचा सामना असला की पडद्यावर चिमुकल्या झेंड्यांची रीघ लागे. झेंडे, जयजयकार ती राहू देई. कोणी आई-बाप काढले की पुसून टाकी, मग तो आपला असो की त्यांचा. "खुर्चीत बसले की मला देश नसतो, काकू," म्हणायची. त्या महिन्यात तिचे कंत्राट संपून नोकरी कायम होणार होती.

एका मोठ्या सामन्याच्या दुपारी कुरियरवाला आला. "दोन मिनिटं बघ. कशाला हात लावू नकोस," म्हणून ती दाराशी गेली.

तेवढ्यात कोणीतरी लिहिले, यांच्या देशात वीज तरी असते का. खाली शंभरेक हसरे चेहरे. माझे डोके फिरले. दोन बोटांनी टाइप केले: 'आमच्या देशाला नावे ठेवण्यापूर्वी, स्वतःच्या दारातला केर काढा.' बटण दाबले, तर ओळीपुढे तिचे नाव आणि चॅटच्या राखणदाराची खूण, हिरवी ढाल, उमटली. 'राखणदारच त्यांचा!' असा पूर लोटला. मी मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावू लागले.

साहेबांना तिने फोनवर सांगितले, "हो, माझ्याच खात्यावरून गेलं. चूक माझी." कायम होणे राहिले. डायरीत मी लिहिले, 'चिमणीचे काम पाहिले. सामना रंगला.' चोपन्न वर्षे रोज डायरी लिहिते; हे पहिले खोटे पान.

अकराव्या दिवशी मी तिच्या खोलीत गेले.

"ते वाक्य माझं होतं."

"माहीत आहे. त्या गर्दीत स्वल्पविराम, पूर्णविराम देणारं दुसरं कोण असणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर दोघींनी मिळून फोन केला असता. काल त्या कायमच्या जागेवर दुसरीला घेतलं."

तिच्यासमोर कप होता, साय धरलेला.

"दुसरा करून आणू?"

"नको," ती म्हणाली. "हाच पिते."