अबू उबैदांच्या कबरीचा राखणदार

मिफ्लेह आमचा शेजारी. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात, आमच्या गावाच्या कडेला, प्रेषितांचे सोबती अबू उबैदा यांची कबर आहे. तिथे त्याने सव्वीस वर्षं राखण केली. झाडलोट करायची, गालिचे झटकायचे, आणि यात्रेकरूंची बस आली की अबू उबैदांची हकिगत सांगायची.

लढाईत प्रेषितांच्या गालात शिरस्त्राणाच्या कड्या रुतल्या, त्या यांनी दातांनी उपसल्या, त्यात स्वतःचे पुढचे दोन दात गेले, इथून तो सुरुवात करी. सेनापती झाले तरी घरात तलवार, ढाल आणि उंटाचं खोगीर, एवढाच पसारा. मग छावणीत प्लेग आला. खलिफांनी मदिनेहून पत्र धाडलं, तुमच्याशी काम आहे, ताबडतोब निघा. अबू उबैदांनी ओळखलं, आपल्याला वाचवायला बोलावताहेत. त्यांनी उलट लिहिलं, ‘मी माझ्या माणसांत आहे. त्यांना सोडून येणार नाही.’ आणि ते इथेच गेले. एवढं बोलताना मिफ्लेहचा आवाज खाली यायचा. बायका डोळे पुसायच्या.

त्याची बायको खद्रा माझी मैत्रीण. ती कुंपणावरून मला, राकानच्या आईला, म्हणायची, “ऐकलंस का, उम्म राकान? परक्या बायकांना रडवतो हा. घरात शेळी अडली की मात्र गावभर हिंडतो, सगळं माझ्यावर टाकून!”

“शेळीला हकिगत कुठं कळते?” मिफ्लेह म्हणायचा.

साथ आली त्या वर्षी कबरीला कुलूप लागलं, रस्ते बंद झाले. उन्हाळ्याच्या तोंडावर खद्राला ताप चढला. चौथ्या दिवशी तिला धाप लागली. अम्मानहून मुलाने, तयसीरने, फोन करून इस्पितळाची गाडी मागवली. पांढऱ्या झग्यातल्या दोघांनी तिला आत ठेवलं. मी माझ्या दारात उभी होते.

“बरोबर एक जण येऊ शकतो,” त्यातला एक म्हणाला. “पण मग दोन आठवडे बाहेर सोडणार नाहीत. येताय का, काका?”

मिफ्लेहने एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवला आणि तसाच उभा राहिला.

“लवकर, काका.”

“कोंबड्या आहेत,” मिफ्लेह म्हणाला.

आतून खद्राचा आवाज आला, “राहू दे. तू कोंबड्यांना पाणी ठेव.”

त्याने पाय खाली घेतला. दार लागलं.

नवव्या दिवशी ती गेली. इस्पितळाच्या चौघांनी तिला पुरलं. आम्ही दुरून कब्रस्तानाच्या भिंतीपाशी उभे होतो. मिफ्लेह रडला नाही. मी वाढलेला भात त्याने खाल्ला, ताट धुऊन परत आणून दिलं. मीही रडले नाही. का, ते मला सांगता यायचं नाही.

दीड वर्षाने मलेशियाच्या यात्रेकरूंची बस आली. मी ऐकायला गेले. दात, तलवार, खोगीर, सगळं त्याने सांगितलं. मग म्हणाला, “पत्र आलं. ते गेले नाहीत. वारले.” दुभाष्या पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला. पुढे काही नव्हतं. एका बाईने विचारलं, “का नाही गेले?”

“ठाऊक नाही,” मिफ्लेह म्हणाला. “चपला बाहेर डाव्या हाताला आहेत.”

त्यानंतर तो दोन वर्षं नोकरीत होता. वय झालं तेव्हा किल्ल्या कचेरीत दिल्या. तयसीरने त्याला अम्मानला नेलं, पण तिसऱ्या दिवशी तो परत आला. आता आमच्या शेतावरच्या शेडमध्ये टोमॅटो निवडतो. कामाला चोख आहे.

गेल्या हिवाळ्यात मी मिफ्लेहला, तयसीरच्या बापाला, न राहवून विचारलंच, “अबू तयसीर, त्या दिवशी भीती वाटली होती का?”

“नाही.”

“मग?”

“काहीच वाटलं नाही गं. पाय उचलेना, एवढंच.”

त्याने एक फुटका टोमॅटो बाजूला टाकला.

“या पेटीत कच्चे फार आलेत,” तो म्हणाला. “पोरांना सांग, दोन दिवस तोडू नका.”

मी पोरांना सांगायला गेले.